कुंकवाचं झाकण

९ ऑक्टोबर, गुरुवार

शंभरपैकी पंचवीस! बहात्तराव्या वर्षी नापास झालो!

गेवराईला दवाखान्यात जाऊन आलो. ऋतुजा मॅडम — माझ्या बायकोच्या, साखराच्या, आठ वर्षांपासूनच्या डॉक्टर, वयानं मला लेकीसारख्या — रिपोर्ट बघून म्हणाल्या, "त्रिंबकराव, काकूंना आहे तेच तुम्हाला निघालं. थायरॉईड कमी पडतंय." लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, आमच्या दोघांचं पहिल्यांदाच काहीतरी जुळलं! साखरा बाजूच्या स्टुलावर बसली होती. म्हणाली, "माज्या ताटातलं उचलायची सवयच हाय यांना. आता दुखणं बी उचललं."

मी कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढली हे मॅडमना ठाऊक. म्हणून तसंच समजावलं. गळ्यात फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, ती अंगातल्या बॉयलरचा जाळ सांभाळते. जाळ कमी पडला की सगळा कारखाना मंद. थंडी वाजते, झोप आवरत नाही, आवाज घोगरा होतो, डोकं चालत नाही. नाडी संथ होते, रक्तात चरबी साचते, आणि सगळा भार शेवटी हृदयावर. माझी नाडी चोपन्न. कोलेस्टेरॉल भरपूर — त्या एका विषयात तरी गुण चांगले पडले!

साखराला शंभरची गोळी. मला पंचवीसची. म्हटलं, मला पण शंभरचीच द्या की! — "एकदम जाळ वाढवला तर या वयात हृदय धावत सुटेल, काका. दीड महिन्यानं रक्त तपासू. मग हळूहळू वाढवू."

हळूहळू! इथं हळूहळूला सवड कुणाला आहे?

१० ऑक्टोबर

सवड का नाही, ते लिहून ठेवतो. उद्या तेही विसरायचो.

चौथीत गुरुजींनी एक कविता शिकवली होती. ओढ्याची. सहा कडव्यांची. पुस्तकात कुठंच नव्हती — स्वतः केली, फळ्यावर लिहिली, आमच्याकडून पाठ करून घेतली आणि बदली होऊन गेले. वर्गात आम्ही तेवीस पोरं. त्यातला आता मी एकटा उरलोय. म्हणजे ती कविता जगात फक्त माझ्या डोक्यात आहे.

शाळेच्या बबिता मॅडमना हे कळलं. बाई फार उत्साही. म्हणाल्या, "सव्वीस जानेवारीला तुम्ही म्हणा. मी उतरवून घेते, पोरं पाठ करतील." छाती फुगवून हो म्हणालो. घरी आलो, म्हणायला बसलो — तर तिसरं कडवं गायब! पाचव्याची पहिली ओळ हलायला लागलेल्या दातासारखी. पहिलं तेवढं पक्कं:

डोंगरमाथी मेघ उतरला, ओढ्याला ये हसू;
काठावरची बाभळ म्हणते, पाय बुडवुनी बसू!

मला वाटलं होतं, म्हातारचळ सुरू झाला. ऋतुजा मॅडम म्हणाल्या, थायरॉईडनं पण विसरायला होतं, गोळीनं फरक पडेल. आता या पंचविसाच्या गोळीवरच सगळी भिस्त.

११ ऑक्टोबर

पहाटे अनशापोटी गोळी, साध्या पाण्याबरोबर. पुढं तासभर चहा नाही! हा आजार नाही, शिक्षा आहे.

घरात नवी वस्तू आली की साखरा तिला आधी हळदकुंकू लावते. ट्रॅक्टर असो नाहीतर चिमटा. तिला वाचता येत नाही, त्यामुळं तिच्या गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणावर कुंकवाचं बोट असतंच. आज माझ्या बाटलीच्या झाकणाला हळदीचं बोट लागलं. दोन्ही बाटल्या भिंतीतल्या देवळीत शेजारी शेजारी. एकाच मापाच्या, एकाच कंपनीच्या, आत सारख्याच पांढऱ्या बारक्या गोळ्या. लेबलावरचा आकडा तेवढा वेगळा, आणि तो वाचणारा घरात मी एकटा.

२५ ऑक्टोबर

माऊली आणि सुनिता ट्रॅक्टर घेऊन कडा गावच्या कारखान्याकडं गेले, ऊस वाहायला. लेक-सून आता उन्हाळ्याच्या तोंडाला येतील. जाताना सुनिता म्हणाली, "आत्याबाई, मामांवर ध्यान ठिवा." साखरा म्हणाली, "ठिवते की. दुसरं काम काय हाय मला!"

आजचे ओरडे: चपला घालून स्वयंपाकघरात — एक. शेळीला भाकरी चारली — दोन. न्हाताना कविता म्हटली, पाणी गार झालं — तीन. चहात गूळ जास्त — चार. उगाचच — पाच.

११ नोव्हेंबर

महिना झाला. तिसरं कडवं नाहीच. चौथ्यातली पण एक ओळ गेली. पंचवीस म्हणजे पंचवीसच!

आणि ती बघा — शंभर घेऊन कशी टुणटुणीत! तिला कुठं कविता म्हणायच्यात? शंभराचा जोर सगळा माझ्यावर ओरडण्यात जातो.

१२ नोव्हेंबर

झाकणं बदलली.

साखरा गोठ्यात होती. दोन मिनिटांचं काम! तिचं कुंकवाचं झाकण माझ्या बाटलीला, माझं हळदीचं तिच्या बाटलीला. चौथीत गुरुजींच्या पिशवीतले पेरू चोरले होते, त्यानंतर एवढी मजा आली नव्हती.

थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. कविता आली की झाकणं परत जागेवर. आठ वर्षं शंभर खाल्लेल्या बाईला थोडे दिवस पंचविसानं काय होतंय!

२४ नोव्हेंबर

दवाखान्यातून फोन — रक्त तपासायला या. गेलो तर पकडलो जाईन. म्हणालो, घरी दुसरं कुणी नाही, शेळी व्यायला आलीय, सवडीनं येतो. शेळी मागच्याच महिन्यात व्याली.

३ डिसेंबर

आलं! आलं! तिसरं कडवं आलं!

दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण, आणि एकाएकी गुरुजींचा आवाज आल्यासारखा —

शेळी आली, करडू आले, आली गोगलगाय;
ओढा म्हणतो, या रे सारे, घाई कसली काय!

तसाच अंगणात गेलो, शेजारच्या भिवराबाईला म्हणून दाखवलं. ती मेंढ्यांना पाणी पाजत होती. म्हणाली, "भावजी, आदी दुसरा गाल तर भादरा!" तिच्या मेंढ्यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

आता थंडी वाजत नाही. पहाटे चारलाच टक्क जाग. ओढ्यापर्यंत जाऊन येतो तेही पळत म्हणावं असा. सदरा ढगळ झालाय. भाकरी मात्र चार लागतात! बॉयलर पेटला, दुसरं काय.

ठरल्याप्रमाणं झाकणं आता परत करायला पाहिजेत. चौथ्यातली ओळ पाठोपाठ आली, पण पाचव्याची अजून आहेच की.

११ डिसेंबर

आजचे ओरडे: एकही नाही.

काल एक. परवा एकही नाही. मुद्दाम चपला घालून चुलीपर्यंत गेलो. बघितलं तिनं. नुसतं बघितलं!

घरात अशी शांतता अठ्ठेचाळीस वर्षांत नव्हती. चहात दोन खडे गूळ टाकला, बसलो, पाचवं कडवं डोळे मिटून घोळवलं. साखरा उन्हात बसली होती, शाल घेऊन, भिंतीला टेकून. एखाद्या चित्रासारखी. मला चक्क कविता सुचायला लागली तिच्यावर. दोन चरण झाले. तिला ऐकवले, तर "हूं" म्हणाली. एरवी म्हणाली असती, "लाज हाय का न्हाई!"

एका चोरीत दोन बक्षिसं.

१९ डिसेंबर

कपिलधारला दर्शनाला गेलतो, दोघंच. तिचीच जुनी इच्छा. पायऱ्यांशी आल्यावर पाचसहा चढली आणि बसली. म्हणाली, "तुमी जावा. मी हितूनच हात जोडते." मी वर जाऊन खाली आलो, परत वर गेलो, परत आलो. अंगात वारं भरल्यासारखं. ती तिथंच होती. पायातलं जोडवं काढत होती. रुतलं म्हणे. पाय सुजलाय.

थंडीनं सुजत असेल.

२ जानेवारी

पाचवं कडवं पूर्ण झालं. सहाच्या सहा कडवी तोंडपाठ!

पण अक्षर बघ माझं. हात कापतोय. छातीत मधूनच मेंढ्यांचा कळप बुजल्यासारखं होतं — धडधड, धडधड, मग एकदम गप, मग परत. वय झालं तरी कवितेचा आनंद असा असतो!

झाकणं बदलायला देवळीपाशी गेलतो. मग वाटलं — सव्वीस तारखेच्या आधी बदललं आणि परत विसरलो तर? चोवीस दिवसांचा तर प्रश्न.

१४ जानेवारी

संक्रांत. साखरा दरवर्षी गल्लीतल्या बायांना बोलावते, हळदकुंकू, वाण, आरडाओरडा, हसणं. आज बाया आल्या तर ही बाजेवर झोपलेली. विसरली म्हणे. तिळाचे लाडू भिवराबाईनं आणले.

जाताना भिवराबाईनं मला दारात गाठलं. "भावजी, आक्काला कावून दवाखान्यात दावीत न्हाईत? तोंड बगा कसं सुजलंय. आवाज बापयासारका झालाय. चार हाका मारल्या की एक ओ देती."

मी म्हणालो, थंडी आहे.

"थंडी गल्लीत सगळ्यालाच हाय की वो! तुमी तर उघड्या अंगानं फिरताय!"

चाणाक्ष बाई. माझ्याकडं अशी बघत होती की लेबल वाचता येतं की काय हिला, असं वाटलं.

२० जानेवारी

सहा दिवस राहिले. साखरानं आज भाजीत दोनदा मीठ घातलं. मी काही बोललो नाही. तीही काही बोलली नाही. दोघांनी खारट भाजी गपचूप खाल्ली.

शांतता पूर्वीसारखी गोड लागत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झालं. बबिता मॅडमनी वही उघडली, पेन काढलं. पहिल्या रांगेत खुर्चीवर साखरा. मी उभा राहिलो आणि सुटलो — पहिलं कडवं, दुसरं, तिसरं — एकही शब्द अडला नाही! पण थांबताच येईना. मॅडम म्हणताहेत, "आजोबा, सावकाश, गाडी पकडायचीय का?" पोरं हसायला लागली. "घाई कसली काय" ही ओळ मी अशी पळवली की पोरं टाळ्या पिटत लोळायची राहिली. सहावं कडवं संपलं तेव्हा सदरा भिजलेला, आणि छातीतला कळप चौफेर उधळलेला. खाली बसलो ते पडल्यासारखाच.

तेवीस पोरांची कविता वाचली. वहीत उतरली. गुरुजी, तुमचं काम झालं!

साखराकडं बघितलं. मान छातीवर टेकून झोपली होती. टाळ्यांनी पण उठली नाही. हलवून उठवलं. घरी येताना मारुतीच्या पारापर्यंतच्या चढावर तीनदा थांबली. तिसऱ्यांदा माझा हात धरला, ओठ निळसर, म्हणाली, "छातीवर कायतरी ठिवल्यावानी हाय. मला आता चालवना वो."

हिनं चालवत नाही असं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. ऊस तोडत होती तेव्हा पण नाही. माऊली पोटात होता तेव्हा पण नाही.

२७ जानेवारी

सकाळीच गेवराई. ऋतुजा मॅडमनी आधी साखराचा हात धरला. नाडी सेहेचाळीस. मशीन लावलं, छातीची सोनोग्राफी केली. हृदयाभोवती थोडं पाणी जमलंय म्हणाल्या. चरबी दुपटीवर. मग माझी नाडी बघितली — एकशेअठरा, आणि ताल नाही. एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "गोळ्या रोज घेता ना दोघं?"

साखरा म्हणाली, "एक दिस चुकले न्हाई."

मी म्हणालो, "रोज."

खोटं थोडंच होतं!

मॅडमनी कागद ओढला. "काकूंना शंभर पुरत नाही म्हणजे. वाढवावी लागेल." पेन कागदावर टेकलं. आणि मला दिसलं, आता हा आकडा कागदावर चढणार, त्याच्यावर पुढचा चढणार, आणि या सगळ्या इमारतीच्या तळाशी माझं खोटं झाकण. काट्यावर चुकीचं वजन चढलं तर पुढं सगळंच चुकतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

म्हणालो, "मॅडम, लिहू नका. साखरा, तू जरा भायेर बस."

ती बाहेर गेल्यावर सांगितलं. झाकणं. कुंकू. हळद. अडीच महिने. कविता पण सांगितली.

मॅडम हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आणखी महिनाभर चाललं असतं तर दोघांपैकी कोण आधी गेलं असतं, मला सांगता येत नाही. तुमचं हृदय पळून थकलंय, त्यांचं बुडत चाललंय." तिची गोळी आता सुरुवातीला कमी, दर पंधरा दिवसांनी वाढवत शंभरवर न्यायची, तिचंही हृदय एकदम पळवायचं नाही. माझी काही दिवस बंद, नाडी आवरायला दुसरी गोळी, मग पंचवीस. "आणि काकूंना तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

२८ जानेवारी

सांगितलं. दोन्ही बाटल्या तिच्यापुढं ठेवून.

साखरानं सगळं ऐकलं. सावकाश विचारलं, "कदीपास्नं?"

"दिवाळी झाल्यावर."

"मी गप पडले ते ध्यानात आलतं तुमच्या?"

"आलतं."

"मंग?"

खरं बोलायचंच ठरवलं होतं. म्हणालो, "बरं वाटलं होतं."

ती उठली. बराच वेळ लागला उठायला. स्वतःची बाटली घेतली, पदराच्या गाठीत बांधली आणि गोठ्यात गेली.

५ फेब्रुवारी

माझा कळप शांत. नाडी ब्याऐंशी. परत थोडी झोप येते.

साखरा बोलत नाही. आवाज फुटायला वेळ लागेल असं मॅडम म्हणाल्याच होत्या. बॉयलर पेटायला दीडदोन महिने.

१६ फेब्रुवारी

आज चपला घालून स्वयंपाकघरात तीन फेऱ्या मारल्या. काही नाही.

शेळीला अख्खी भाकरी चारली, तिच्यासमोर. काही नाही. शेळीलाच नवल वाटलं.

२ मार्च

साखराच्या पायाची सूज उतरली. जोडवं परत घातलंय. सकाळी पाणी तापवून देते, ताट वाढते, माझ्या गोळीची आठवण म्हणून देवळीकडं बोट दाखवते. बोट!

शाळेवरून जाताना पोरांचा आवाज आला. शेळी, करडू, गोगलगाय — शंभर पोरं एका सुरात. उभा राहून ऐकलं. घरी येऊन तिला सांगितलं. तिनं ताक ओतलं.

न्हाताना सहाच्या सहा कडवी म्हटली. मोठ्यानं. पाणी पार गार होईपर्यंत.

१४ मार्च

गुळाचा डबा घेऊन अंगणात बसलो आणि तिच्या डोळ्यांदेखत पाच खडे खाल्ले. तिनं डबा हातातून घेतला, झाकण लावलं, आत ठेवला. वाटलं, आता! आता ओरडेल! नाही.

मॅडमना फोन केला. अजून का बोलत नाही? गोळी वाढवता का? म्हणाल्या, पंचवीस तारखेला दोघंही या. रक्त तपासू, मग बोलू.

पंचवीसची वाट बघतोय. रिपोर्टमध्ये काय ते कळेल. गोळी अजून लागू पडली नसणार.

२५ मार्च

साखराचा रिपोर्ट आला. थायरॉईड अगदी जागेवर. नाडी बहात्तर. हृदयाभोवतीचं पाणी गेलं.

परत येताना एस्टीत साखराच्या शेजारी उमापूरची एक बाई बसली होती. साखरा तिच्याशी गाव येईपर्यंत बोलत आली. मोठ्यानं, हात उडवत, हसत. पूर्वीचाच आवाज.

मी मागच्या सीटवर होतो.